तुम्ही रंगवलेली पाटी

तीर्थरूप बाबांना,

नमस्कार. मी बरा आहे. खोलीत ऊन येतं, जेवण वेळेवर मिळतं (चव विचारू नका) आणि पक्षाच्या कचेरीत आता मला स्वतंत्र टेबल आहे. आईच्या डोळ्यावरची पट्टी निघाली का? तिला एकटीला जिना उतरू देऊ नका.

पक्ष निघाला तेव्हा तुम्ही रंगवलेली तत्त्वांची पाटी अजून दारासमोरच आहे. दरवर्षी तिला नवं वॉर्निश लागतं. पण तिसरं कलम, 'कंत्राटी कामगार ठेवणार नाही, ठेवू देणार नाही', हे आता भाषणात कुणी काढत नाही. कचेरी झाडणाऱ्या मावशीच नऊ वर्षं ठेकेदाराकडून येतात.

सोमवारी त्यांना 'उद्यापासून येऊ नका' सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी सांगितलं. त्या भांडल्या नाहीत. पाटीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "साहेब, रोज पुसते मी ही, पण मला वाचता येत नाही. आमच्यासारख्यांचं काहीतरी लिहिलंय म्हणतात. वाचून दाखवता?"

हो, इथे आता मला साहेब म्हणतात.

मी पहिलं कलम वाचलं, दुसरं वाचलं आणि थेट चौथ्यावर गेलो.

मावशींनी मान डोलावली. "अक्षर मात्र झकास आहे. कुणाचं हो?"

मी म्हणालो, माहीत नाही.

बाबा, आईला हे पत्र वाचून दाखवाल तेव्हा मधलं काही गाळू नका.

तुमचा,
धाकटा