पाहुणीची पेटी

दि. १२ जून

चि. मुंगीस अनेक उ. आ.

तुझं पत्र काल मिळालं. बरं केलंस लिहिलंस ते. फोनवर मला निम्मंच कळलं होतं. जन्मभर पत्रा ठोकून कान कामातून गेलेत. 'परदेशी पाहुणी म्हणून जाणार' एवढंच ऐकू आलं, तेव्हा मला वाटलं कुणा मैत्रिणीचं लग्न असेल. मी तुझ्या आजीला विचारलं की आहेर काय पाठवायचा, तर ती पोट धरून हसली. अजून आठवलं की हसते.

पण पत्र वाचून घोर आणखी वाढला. 'पाहुणी विद्यार्थिनी' म्हणजे काय गं? पाहुणा कुणाच्या तरी घरी जातो. तिथं तुला ओळखतं कोण? तू अर्ज करणार, म्हणजे त्यांनी बोलावलेलंही नाही. राहणार कुणाकडे? तिथल्या थंडीत ताप आला तर उशाशी पाणी कोण ठेवील? माझी शाळा चौथीत सुटली, मला हे अर्जबिर्ज कळत नाहीत. पण तुझे आईबाबा वर्षभराचं काम म्हणून गेले होते, तेही मी पाहिलं आहे. तू तेव्हा दाराच्या पायरीवर बसून असायचीस. आता ते वर्षातून दोन दिवस येतात, बॅग भिंतीला टेकवून ठेवतात आणि तिच्यातूनच कपडे काढतात. कपाटातला त्यांचा खण आम्ही अजून रिकामाच ठेवला आहे.

मागच्या खेपेला तूही बॅगेतूनच कपडे काढत होतीस. मी ते पाहिलं.

राग मानू नकोस. हल्ली जरा बोललं तरी दम लागतो, म्हणून लिहून टाकतो. जेवत जा. आम्हा दोघांवरची माया आटू देऊ नकोस.

तुझा आजोबा

दि. २३ जून

ती. आजोबांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून हसू आलं आणि मग हसू गेलं.

पाहुणी म्हणजे एवढंच की माझं नाव आपल्याच कॉलेजात राहणार. परीक्षाही इथलीच आणि पदवीही इथलीच. फक्त एक सत्र, म्हणजे पाच महिने, तिथल्या प्रयोगशाळेत काम करायचं आणि परत यायचं. तिथं लोखंडाला गंज कसा चढतो यावर मोठं काम चालतं. राहायला वसतिगृहात खोली देतात. तापाची गोळी मी स्वतः घेऊ शकते, पाण्याचा तांब्याही मला उचलता येतो.

सध्या मात्र अर्जानंच ताप आणला आहे. भाषेची परीक्षा दिली. सरांचं शिफारसपत्र हवं, तर सर रोज उद्या म्हणतात. एका कागदावर माझं नाव एका तऱ्हेनं लिहिलंय, दुसऱ्यावर दुसऱ्या, म्हणून कॉलेजच्या कारकूनबाईंनी सगळा गठ्ठा परत दिला. दिवसभर प्रयोगशाळेत उभं राहायचं आणि मग या रांगेत. हे सगळं कशासाठी चाललंय तेच कधीकधी आठवत नाही.

बॅगेचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, आजोबा. माझ्या खणात आजीनं गोधड्या कोंबल्यात, तिला विचारा. पायरीवर कोण बसायचं ते मी विसरलेली नाही. आईबाबांसारखी मीही होईन का, याची भीती तुमच्याइतकीच मलाही वाटते.

आजीला नमस्कार. असाच जीव लावत राहा.

तुमची मुंगी

दि. ९ जुलै

चि. मुंगीस अनेक उ. आ.

गोधड्या काढल्या. आजीनं चूक कबूल केली नाही. उलट म्हणाली की नवरा सगळं आयुष्य गंज खरवडत बसला आणि नात तोच शिकायला परदेशी निघाली, या घराण्याचं काही खरं नाही.

तू परत यायचंच म्हणतेस, तर ठीक. पाच महिने म्हणजे माणूस पुरता रुळायच्या आत निघतो, हे मला पटलं. तरी झोप येत नाही. म्हणून दुकानातली हत्यारं घरी आणली आणि तुझ्यासाठी पेटी करायला घेतली आहे. जाड पत्रा आहे, कडा दुमडून ठोकल्या आहेत, आतून रंगाचा हात दिला आहे. गंज तुला शिकायचा तेवढा शीक, या पेटीत सापडणार नाही. हात पूर्वीसारखा चालत नाही. दोन ठोके मारले की बसावं लागतं. शेजारचे विचारून गेले की एवढी ठोकाठोक कसली. मला त्यांचंही निम्मंच ऐकू आलं.

आठवण ठेव, म्हणजे आम्हाला बरं वाटतं.

तुझा आजोबा

दि. १८ ऑगस्ट

ती. आजोबांस सा. न. वि. वि.

विद्यापीठानं मला घेतलं. ही बातमी आनंदानं लिहायची होती, पण अंगात त्राण नाही.

आता व्हिसाचं अडलं आहे. तिथं विचारतात की तुम्ही परत याल कशावरून, कारण लिहा. मी लिहिलं, माझे आजी-आजोबा इथं आहेत. अर्ज परत आला, कारण पुरेसं नाही म्हणून. खिडकीतले गृहस्थ वाईट नव्हते. ते म्हणाले की नोकरी किंवा घर नावावर असेल तर दाखवा, आजी-आजोबा सगळ्यांनाच असतात. मी बाहेर येऊन बाकावर बसले आणि बराच वेळ उठलेच नाही. सत्र सुरू व्हायला थोडे दिवस उरलेत. सोडून द्यावं असं वाटतं आहे.

आणि पेटी करू नका, आजोबा. विमानात सामानाचं वजन ठरलेलं असतं. तुमची रिकामी पेटीच त्यातलं निम्मं खाईल. हे आधीच लिहायला हवं होतं, धीर झाला नाही.

रागावलात तरी लिहा.

तुमची मुंगी

दि. २४ ऑगस्ट

चि. मुंगीस अनेक उ. आ.

तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हा आजी माझ्या तोंडाकडे बघत होती. म्हणाली, झालं ना तुमच्या मनासारखं? संध्याकाळी मीच म्हटलं की दमून घरी बसलेली नात मला नको. तशी आलीस तर तू खुर्चीच्या कडेवर बसशील आणि आम्ही तुझ्याकडे बघत बसू.

तेव्हा सोडू नकोस. परत याल कशावरून, हे मीही जूनपासून तुला विचारतोच आहे. म्हणजे ते लोक काही वेडे नाहीत. पण मला तू काय उत्तर दिलंस? नाव इथल्या कॉलेजात, परीक्षा इथली, पदवी इथली. परत आल्याशिवाय पदवी नाही. मला ते पटलं, आणि मला काही पटवणं सोपं नाही, आजीला विचार. मग तेच त्यांना का लिहीत नाहीस? आमचं नाव कशाला घातलंस? कॉलेजकडून तसं लिहून घे, सरांनी उद्या म्हटलं तर त्यांच्या दारात बस.

पेटी झाली आहे. आता काय करायचं तिचं? पलंगाखाली सरकवली आहे. रिकामी आहे, एका हातानं सरकते.

उत्तर लगेच पाठव. इथं जीव टांगणीला आहे.

तुझा आजोबा

दि. २० सप्टेंबर

ती. आजोबांस सा. न. वि. वि.

पोचले. तुम्ही सांगितलंत तसं कॉलेजचं पत्र जोडलं आणि व्हिसा मिळाला. निघायच्या आधीचे दोन दिवस घरी कसे गेले ते कळलंच नाही. तुम्ही सारखं पारपत्र कुठंय विचारत होतात आणि ते तुमच्याच हातात होतं.

खोली लहान आहे. खिडकीतून एक भिंत आणि थोडं आभाळ दिसतं. पाय सुजलेत. अजून वेळेचा मेळ बसत नाही, भलत्याच वेळी झोप येते. प्रयोगशाळेतली माणसं चांगली आहेत, भराभर बोलतात, मलाही आता निम्मंच कळतं. माझ्याबरोबर खोलीत राहणाऱ्या मुलीनं विचारलं की एवढं मोठं कपाट दिलंय, तू कपडे बॅगेतूनच का काढतेस? मी म्हटलं, मी इथं पाहुणी आहे.

आजीला सांगा, ताप नाही. तुमचा हात डोक्यावर असू द्या.

तुमची मुंगी

दि. ४ ऑक्टोबर

चि. मुंगीस अनेक उ. आ.

पत्र पोचलं. पाय गरम पाण्यात ठेव, वर उशी घे.

काल पलंगाखालचं झाडून काढावं म्हणून पेटी ओढायला गेलो. हलेना. मला वाटलं माझीच ताकद गेली, घाबरून खाली बसलो. आजी आली, म्हणाली तुमच्यात काही कमी झालेलं नाही, पेटी भरली आहे. पाहिलं तर कुलूप. आत काय आहे ते ती सांगत नाही. तुम्ही पत्र्याकडे पाहता, माल दुसऱ्यांनी भरायचा असतो, असं काहीबाही बोलली. मी विचारलं, किल्ली कुठंय, तर म्हणाली, मुंगीकडे, निघताना तिच्या हातात दिली.

मी कुलूप तोडणार नाही. पेटीच्या भोवतीनं झाडलं, खालची धूळ तशीच राहिली आहे. राहू दे.

पण किल्ली एकच आहे, दुसरी मी केली नव्हती. ती बॅगेत कुठंतरी टाकू नकोस, गळ्यात घाल. सगळी माया जपून ठेवली आहे, तू येशील तेव्हा दोघं मिळून काढू.

तुझा आजोबा