तलवार उचलण्याआधीची शांतता

शनिवार, ६ एप्रिल
दिवे लागले तेव्हा मी उभा होतो, हात वर. पडद्यावर नायिका, एक लोहारीण, तलवार उचलायच्या बेतात. सिनेमा मधेच थांबवला तो फिल्म क्लबच्या सेक्रेटरीने. रिटायर्ड भूलतज्ज्ञ. जन्मभर लोकांना झोपवलं, आता कोणी जागं करू लागलं की राग येतो. म्हणाला, साहेब, तुम्ही सांगताय ते आम्हाला समोर दिसतंय.

दिसलं म्हणजे कळलं? हे वीरांचे अद्भुत सिनेमे ड्रॅगनमुळे चालत नाहीत. तलवार उचलण्याआधी माणूस थबकतो, सगळं शांत होतं. त्या शांततेवर चालतात. हेच मी समजावत होतो. त्याच शांततेत, म्हणजे उदाहरण समोर असताना.

भांडणात हॉलची वेळ संपली. पुढच्या शनिवारी पुन्हा पहिल्यापासून.

रविवार, ७ एप्रिल
बायको क्लबमध्ये शेवटच्या रांगेत बसते. तिला लांबून नीट दिसतं. आज म्हटलं, या वेळी शेजारी बस, लग्नाआधी आपण हाच सिनेमा पाहिला होता. म्हणाली, गप्प बसणार असाल तर बसते. एक शब्द जरी बोललात तर यापुढे कधीच नाही.

त्यात काय अवघड?

मंगळवार, ९ एप्रिल
सराव. घरी दुसरा सिनेमा लावला. भिकार. नायकाच्या हातात पहिल्याच प्रसंगात जादूची तलवार. त्याला भीती नाही, गमावण्यासारखं काही नाही. मग आम्ही कशाला जीव मुठीत धरायचा? पण तोंडातून अवाक्षर काढलं नाही. मुलगी आतून ओरडली, बाबा, निदान उसासे तरी हळू टाका!

उसासा म्हणजे बोलणं नव्हे.

शुक्रवार, १२ एप्रिल
सेक्रेटरीचा फोन. या, पण कडेला बसा. कडेला! मी काय चपला सांभाळायला येतो?
निश्चय: तोंडात पेपरमिंटच्या गोळ्या. दोन्ही गालांत.

शनिवार, १३ एप्रिल
बायको शेजारी बसली. निम्मा सिनेमा मी दगडासारखा. राक्षस गाव जाळतो तिथेसुद्धा. लोहारीण डोंगर चढू लागली तेव्हा बायकोने माझ्या हातावर हात ठेवला. गोळ्या संपल्या होत्या. मी तिच्या कानात, फक्त तिच्या कानात, म्हटलं, आता बघ हं.

ती उठून मागे गेली.

तीन शब्द! सरळ अन्याय. संतापाने मला बसवेना. नेमका तो क्षण आला. कोणाला तरी कळायलाच हवा होता, म्हणून पलीकडच्या दंतवैद्याला समजावला. त्याने मान वळवली. असले लोक दात काढतात तेच बरं.

घरी येताना बायकोचे डोळे लाल. म्हटलं, बघ, ती शांतता. ती म्हणाली, अहो, कुठली शांतता? लोहारीण गुणगुणते तिथे. मेलेल्या लेकीला पूर्वी झोपवताना म्हणायची तीच अंगाई. लग्नाआधी पाहिला तेव्हा मला ऐकूच आलं नव्हतं.

साफ चूक. हा सिनेमा मी किती वेळा पाहिलाय! तिला तसं दारापर्यंत बजावलं.

रविवार, १४ एप्रिल, सकाळ
बायको फिरायला गेल्यावर तो प्रसंग घरी लावला. गुणगुणते.
बायको परत आली. विचारलं, काय बघत होतात? मी काही बोललो नाही.