एकेचाळीस नंबरचा मणका

३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून पत्र. बारा तारखेचं तुझं ऑपरेशन रद्द कर.

आमचा पाठदुखीचा अभ्यास तुला ठाऊक आहे. पाठ दुखणाऱ्यांचे आणि कधीच न दुखलेल्यांचे एमआरआय एकत्र मिसळायचे, नावं झाकायची, आणि आम्ही डॉक्टरांनी नुसतं चित्र बघून निदान लिहायचं. धडधाकट माणसं कमी पडली, तेव्हा विभागातले आम्हीच मशीनमध्ये जाऊन पडलो. आज नंबरांमागची नावं उघडली. एकेचाळीस नंबरला मी लिहिलं होतं, मणक्यांमधली गादी सरकून नस दबली आहे, ऑपरेशन लवकर करावं. दादा, तो मणका माझा निघाला. रोज चार जिने धावत चढणाऱ्या माझा!

जानेवारीत तुझा एमआरआय बघून मी अगदी हेच लिहिलं होतं, आणि त्यावरच तुला तारीख मिळाली. विनाकारण तुझ्या पाठीवर सुरी फिरली असती.

वहिनीला नमस्कार. रागाव हवं तर, पण माया कमी करू नकोस.

तुझी,
छोटी

७ मार्च

चि. छोटीस,
अ. उ. आ.

स्वतःच्याच पाठीवर सुरी चालवायला निघालीस, हे ऐकून आमचा अख्खा बाइंडिंगचा कारखाना हसला. ऑपरेशन लगेच रद्द केलं. सर्जनना सांगितलं, घरच्या डॉक्टरीणबाईंचा हुकूम आहे. ते म्हणाले, निदान एकदा दाखवून जा. मी कसला जातो!

तसंही पायातली कळ गेल्यातच जमा आहे. तीन दिवस झाले, उजव्या पायातली चप्पल कधी निसटते ते कळत नाही, मागून तुझी वहिनी हाक मारते. स्टुलावर बसलो की खालचं अंग माझं नाहीच असं वाटतं. लघवीलाही बराच वेळ उभं राहावं लागतं. वय झालं, दुसरं काय. चित्रात दिसण्यातलं हे नाही, म्हणून फोन करून तुला त्रास दिला नाही.

जेवणाची हेळसांड करू नकोस. आमची आठवण ठेव.

तुझा,
दादा

१० मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र वहिनी तुला खाटेशेजारी बसून वाचून दाखवेल.

काल दुपारी तुझं पत्र फोडलं. चप्पल, स्टूल, लघवी, तिन्ही एकत्र म्हणजे कण्याच्या तळाशी नसांचा अख्खा जुडगा दबलाय, त्याच दिवशी ऑपरेशन, हे आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही येतं. मी तुमच्या सर्जनना फोन केला. त्यांनी गाडी पाठवली आणि संध्याकाळीच तुला ऑपरेशनला घेतलं. नस मोकळी झाली आहे, पण उशीर झाला, असं ते म्हणाले. पाय उचलेल की नाही, लघवीची नळी निघेल की नाही, आज कुणीच सांगू शकत नाही.

त्यांनी मला एवढंच विचारलं, की भावाला काय होतंय हे तुम्ही विचारलं होतं का. आधी मी चित्र बघून ऑपरेशन कर म्हणाले, मग चित्र बघूनच करू नकोस म्हणाले. या दोन महिन्यांत, ‘दादा, तुला कुठे दुखतंय?’, हे मी एकदाही विचारलं नाही.

माया कमी करू नकोस, असं लिहायला या वेळी हात धजत नाही.

छोटी