येते गं राणी, दार लाव

४ मार्च

माहितीपटवाले पुन्हा आले. दोन माहितीपट होऊन गेले, हा तिसरा. या वेळी दिग्दर्शक बाई आहेत. दुकानात गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसल्या, कपड्यांना तेलाचा डाग लागला तरी उठल्या नाहीत — हे आवडलं. मी एका शिलाई मशीनचं शटल जुळवत होतो. ते जुळेपर्यंत बोललो नाही. त्याही बोलल्या नाहीत.

मग म्हणाल्या, "दादा, नट दोषी ठरला त्या दिवशी तुम्ही —"

तिथेच थांबवलं. नट दोषी ठरलेला नाही. फौजदारी कोर्टानं त्याला सोडलं, कारण गाडी तोच चालवत होता हे सिद्ध झालं नाही. नंतर आम्ही दावा लावला, त्यात दिवाणी कोर्टानं धाकटीच्या, माझ्या बहिणीच्या, मृत्यूला त्याला जबाबदार धरलं. दोषी वेगळं, जबाबदार वेगळं. हे मला कुणा वकिलानं शिकवलेलं नाही. निकालपत्र शब्दकोश घेऊन स्वतः वाचलं. मशीनही असंच शिकलो — उघडायचं, बिघडवायचं, पुन्हा जोडायचं.

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या. "तुमच्या भाचीशी बोलता येईल का?"

मी नाही म्हणणार तोच पडद्यामागून भाची म्हणाली, "येईल की."

वीस वर्षांची आहे. मी काय बोलणार.

५ मार्च

एकही काम धड झालं नाही. दोरा तुटतो, सुई बदलतो, पुन्हा तुटतो. मशीनचा दोष नाही.

८ मार्च

दुपारी शटर अर्धं ओढून पहिला माहितीपट पुन्हा पाहिला. किती वेळा पाहिला असेल! दर वेळी नवी चूक सापडते. आज दिसलं — धाकटीची भूमिका करणारी बाई सुईत दोरा उजवीकडून ओवते. त्या जातीच्या मशीनला तो डावीकडूनच ओवावा लागतो. धाकटी नटाचे कपडे शिवायची, शूटिंगवर जायची. तिला हे झोपेतही चुकलं नसतं.

मग ते दारातलं दृश्य. शेवटच्या संध्याकाळी ती नटाच्या कपड्यांचं माप घ्यायला निघते. पाच वर्षांच्या लेकीच्या गालावरून हात फिरवते आणि म्हणते, "येते गं राणी, दार लाव." लेक स्टुलावर चढून कडी लावते. मागे सनई का काय ते.

सगळं बनावट. धाकटी कधी "येते" म्हणाली नाही. तिला कायम उशीर झालेला. "पळते मी" म्हणायची, आणि खरंच पळायची. लेकीला राणी? ढब्बू म्हणायची. आणि त्या संध्याकाळी लेक घरी नव्हतीच. आमच्याकडे आणून सोडली होती, झोपलेली, खांद्यावर.

परत येताना नटानं तिला आपल्या गाडीत घेतलं. गाडी कालव्यात गेली. तो पोहून बाहेर आला, घरी गेला, झोपला. पोलिसांना सकाळी कळलं.

एवढं मात्र त्यांनी बरोबर दाखवलंय.

१० मार्च

सकाळी चहाला भाची हिला सांगत होती, मुलाखतीत काय बोलणार ते. ही म्हणजे माझी बायको.

"मी सांगणार, मामी, मला आईचं एकच आठवतं. पण ते लख्ख आठवतं. ती दारात होती. गालावरून हात फिरवला, बोटांना मशीनच्या तेलाचा वास होता. म्हणाली, येते गं राणी, दार लाव. आणि मी स्टुलावर चढून कडी लावली."

हिनं माझ्याकडे पाहिलं. मी कपात पाहिलं.

तेलाचा वास माहितीपटात नाही. तो तिनं स्वतः घातलाय. किंवा तो खरा असेल, दुसऱ्या कुठल्या दिवसाचा. ते कसं वेगळं काढणार?

११ मार्च

हिच्याशी वाजलं.

मी म्हटलं, सांगायला हवं. कोर्टात मी शपथेवर सांगितलंय की मुलगी माझ्या घरी झोपली होती. नटाची माणसंही या माहितीपटात बोलणार आहेत. कुटुंब पढवून आणलंय, हे त्यांच्या वकिलाचं तेव्हापासूनचं पालुपद. पोर कॅमेऱ्यासमोर कडी लावल्याचं सांगेल, ते माझी साक्ष पुढे करतील आणि म्हणतील, बघा, दोघांतलं एक जण तरी खोटं बोलतंय. तिची शोभा होईल.

"झाली वकिली सुरू," ही म्हणाली. "अहो, तिच्याकडे आईचं म्हणून तेवढंच आहे. बाप तर केव्हाच दुसरा संसार मांडून बसलाय. तेवढंही काढून घेणार?"

"ते तिचं नाहीच. सिनेमावाल्यांचं आहे."

"मग दुसरं काय देणार आहात?"

भाजी चिरता चिरता ही पुटपुटली, "मशीन असतं तर एव्हाना उघडून बसला असता." पण सांगू नका असंही म्हणाली नाही.

१३ मार्च

सांगितलं.

दुकानात बोलावलं, म्हटलं जरा बॉबिन भरून दे. हात गुंतलेले असले की ऐकायला सोपं जातं. आणि सांगायलाही.

"आई तुला राणी म्हणत नव्हती."

"तुला काय माहीत? तू सदानकदा इथं, या भंगारात."

"ढब्बू म्हणायची."

तिनं मान वर केली. "काय?"

"ढब्बू. तुझे गाल तसे होते. मामीला विचार."

हसायला लागली. "शी! ढब्बू? मामा, हे तू कॅमेऱ्यावर सांगितलंस तर मी घर सोडून जाईन." खूप हसली. मीही हसलो. वाटलं, इथेच थांबावं. पण अर्धं उघडलेलं मशीन मला ठेवता येत नाही.

"आणि मग ते दार?" तिनंच विचारलं. हसू अजून तोंडावर होतं.

म्हटलं, दार माहितीपटात आहे. तू त्या संध्याकाळी आमच्याकडे होतीस. झोपेत होतीस. तो माहितीपट लागला तेव्हा तू आठ वर्षांची होतीस. मी बंद करेपर्यंत ते दृश्य होऊन गेलं होतं.

बॉबिन भरून वाहायला लागली. तिनं थांबवली नाही. मी चाक धरलं.

"म्हणजे मला काहीच आठवत नाही," ती म्हणाली.

विचारत नव्हती. ती दोरा तोडून घरी गेली.

१४ मार्च

भाची जेवली नाही. ही माझ्याशी बोलत नाही.

१६ मार्च

भाची बोलते, पण हवापाण्याचं. "मामा, छत्री ने." "मामा, फोन वाजतोय." पूर्वी टोमणे मारायची, ते बंद.

दिग्दर्शक बाईंचा फोन आला. "दादा, ती मुलाखत देणार नाही म्हणते. तुम्ही काही बोललात का?"

"खरं ते बोललो," म्हटलं.

मग म्हणाल्या, "घाई नाही." याचाही राग आला. कुणीतरी मला शिव्या घालायला हव्या होत्या.

२० मार्च

ही आज बोलली. "तिनं मला विचारलं, आई कशी चालायची. मी चालून दाखवलं." आणि ओट्याशी माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मी दुकानात गेलो.

२३ मार्च

मुलाखत झाली! काल रात्री भाचीनं आपणच बाईंना फोन केला म्हणे. दुकानातच झाली. मला बाहेर पायरीवर बसवलं, पण ऐकू येत होतं.

बाईंनी विचारलं, "आई म्हटलं की काय आठवतं?"

ती म्हणाली, "काही नाही. मी झोपले होते."

रस्त्यावरून एक हातगाडी गेली, तिचा आवाज मुलाखतीत आलाच असणार. मग तीच म्हणाली, "तुमच्या लोकांनी मला एक आई दिली होती. मी ती आजवर माझीच समजत होते. ती परत केली. आता माझ्याजवळ मामाकडून ऐकलेली आहे. मामा चुकत नाही."

बाईंनी दुसरा प्रश्न विचारलाच नाही.

दोन्ही कोर्टांत इतके दिवस बसलो, इतके लोक बोलले. आमचं काय गेलं ते असं कुणी सांगितलं नव्हतं. मलाही सांगता आलं नव्हतं.

घरी येताना तिनं माझी पिशवी घेतली. म्हणाली, "ढब्बूला दे, जड आहे."

२४ मार्च

आज भाचीनं विचारलं, "मामा, मला सोडून जाताना आई दारात तुला काय म्हणाली? सगळं सांग. जसंच्या तसं."

सांगायला लागलो. पायरीवर ती उभी, दारात मी, खांद्यावर तू, मी मान हलवतोय —

आणि थांबलो. मला मी दिसत होतो. पाठमोरा.

दुसऱ्या माहितीपटात तो प्रसंग असाच आहे. माझं काम करणाऱ्याच्या पाठीमागून घेतलेला.

ती वही उघडून बसली होती. म्हणाली, "हं, पुढे?"