डबा माझ्याही पाठीला

अण्णा, मागच्या आठवड्यात आम्ही केरळात होतो आणि तिथे भर दुपारी, चारचौघांसमोर मी तुमच्यावर ओरडले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर ओरडायचं तर दुसऱ्या कुणाला तरी समोर धरावं लागतं. समोर दादा होता, तुमचाच लेक. त्यातला निम्मा राग आपल्यावरचा नाही, हे त्याला बिचाऱ्याला कुठून कळणार?

सगळं आयुष्य मी वर्तमानपत्रात काढलं. रागात लिहिलेली बातमी बाजूला ठेवायची, पाणी प्यायचं, मग शांत डोक्यानं पुन्हा वाचायची, हे कितीतरी नव्या पोरांना सांगितलं. जालन्यात, मस्तगडच्या घरी परत आल्यावर मीही पाणी प्यायले, थांबले. राग जिथं होता तिथंच आहे. म्हणून लिहिते.

त्या दिवशी सकाळी होडीत आम्ही चौघं होतो. दादा, त्याचा नातू, त्याची नात आणि मी. पाणी इतकं संथ की वल्ह्याचा आवाजसुद्धा मोठा वाटावा. दोन्ही बाजूंना माड, पाण्यात रोवलेले खुंट आणि खुंटाखुंटावर पंख पसरून वाळत बसलेले पाणकावळे. होडी सुटायच्या आतच दादानं धपाट्यांचं फडकं सोडलं होतं. मला पाखरं सगळ्यांच्या आधी दिसतात. जलपर्णीत लपलेली जांभळी पाणकोंबडी मला दिसली, तारेवरचा खंड्या मला दिसला. पाणमांजरांची जोडीही मीच पहिल्यांदा पाहिली. ओल्या मिशांची दोन डोकी वर आली, आमच्याकडे बघितलं आणि गडप झाली. नात म्हणाली, "आजी, तुला कसं दिसतं गं एवढं?" माझ्याआधी दादाच बोलला, "आमच्या अण्णानं शिकवल्तं तिला. विहिरीवर बसून पाखरं ओळखायची ती." त्याचा ऊर भरून आला होता.

विहिरीवर बसून, हे खरं आहे. पण शिकवलं कुणी? घनसावंगीकडच्या आपल्या मळ्यातली ती विहीर मला अजून पायरीपायरीनं आठवते. उन्हाळ्याची सुट्टी लागली की तुम्ही तेलाचा रिकामा डबा आणायचात, त्याचं तोंड घट्ट बंद करायचात, दादाच्या पाठीला दोरानं बांधायचात आणि त्याला वरून ढकलून द्यायचात. तो बोंबलत खाली जायचा, डब्यासकट वर यायचा आणि तुम्ही पोट धरून हसायचात. मी फ्रॉक खोचून पुढं सरकले की तुमचा हात आडवा येतो. "तू वर बस बाई. पाखरं बघ. किती आले ते सांग मला." मी बसते. बघते. होले, साळुंक्या, बाभळीवर घरटी विणणाऱ्या सुगरणी. संध्याकाळी घरी जाताना सांगायला लागले की तुम्ही "हां, हां, बराबर" म्हणायचात आणि दादाला विचारायचात, "नाकात पाणी गेलं का रे?" माझं एकदाही नीट ऐकलं नाहीत. ते शिकवणं नव्हतं, अण्णा. पोरगी गप बसावी म्हणून हातात दिलेलं खेळणं होतं. त्याच्यावर माझी नजर तयार झाली, पुढं पोटही भरलं, पण त्याचं श्रेय तुम्हाला द्यायला मी तयार नाही.

एकदा तुम्ही पाण्याची मोटार बघायला गेलात आणि मी खालच्या पायरीवरून कमरेएवढ्या पाण्यात उतरले. तुम्ही वेणी धरून वर काढलं. मारलं नाहीत. एवढंच म्हणालात, "विहिरीत उतरलेल्या बाईचा लोक एकच अर्थ लावतात." मी तेव्हा फ्रॉकात होते. बाई म्हणजे मी, हेच समजायला मला वेळ लागला.

आणि मग शेजारच्या मळ्यातल्या आखाड्यावर राहणारी ती नवी सून. पाणी शेंदताना तिचा पाय घसरला. गडीमाणसं लांब रानात. काठावर नुसत्या बायाच, त्यांच्यात मी. कुणी लुगडं फेडून खाली सोडतंय, कुणी बादलीचा दोर फेकतंय, कुणी नुसतंच ओरडतंय. तिला दोर दिसत होता, धरता येत नव्हता. आमच्यातल्या एकीलाही पोहता येत नव्हतं, अण्णा, एकीलाही. रात्री जेवताना तुम्ही मला म्हणालात, "बघितलं ना? म्हणून सांगतो, पाण्यापासून लांब राहावं." आख्ख्या गावानं त्या मरणातून हाच धडा घेतला. गाव घेऊ दे. तुम्ही शहाणे होतात, लांबलांबून लोक सल्ल्याला यायचे. त्या काठावरच्या एका तरी बाईच्या पाठीला लहानपणी डबा बांधला असता तर काय झालं असतं, एवढं तुम्हाला सुचू नये?

दुपारी आमची होडी एका उथळ जागी लागली. छातीएवढंच पाणी आहे, खुशाल उतरा, असं होडीवाल्यानं सांगितलं आणि नारिंगी जाकिटं वाटली. दादानं जाकीट चिमटीत धरून बघितलं, आणि पिशवीतून काय काढावं? तेलाचा रिकामा डबा. झाकणाला चिंधी लावून आवळलेला, दोरासकट. जालन्यापासून उशाशी जपत आणला होता. मला वाटलं होतं, चिवडा आहे.

होडीवाला हसायलाच लागला. "साब, जाकेट है ना. ये क्या है?"

"तुम्हारा जाकेट तो फुगा है," दादा म्हणाला. "हमारे तरफ ऐसाच सिखाते."

त्यानं नातवाला पाठमोरा उभा केला आणि डबा बांधायला घेतला. नात चपला काढून पुढं सरकली. "आबा, मग मला." दादाचा हात आडवा आला. तुमचाच हात, तशाच वाकड्या करंगळीचा.

"तू वर बस बाई. आजीसंगं पाखरं बघ. किती आले ते सांग मला."

शब्दसुद्धा बदलावासा वाटला नाही त्याला. पोरगी माझ्याशेजारी येऊन बसली, निमूट. त्या निमूटपणानंच माझं डोकं फिरलं.

"नाही बघणार ती पाखरं!" मी ओरडले. "मीही नाही बघणार! सोड तो डबा!"

पलीकडच्या होडीतली माणसं वळून बघायला लागली. "अगं, लोक बघून राह्यले," दादा म्हणाला. "या वयात काय येड लागलं का तुला?"

"तिला कुणी बाहेर काढलं का रे? तू होतास काठावर?"

कोण ती, हे त्याला विचारावं लागलं नाही. डब्यावरचा त्याचा हात थांबला. "मी तालुक्याला शाळेत गेल्तो," तो हळूच म्हणाला.

"मी होते. बांध. आधी मला, मग तिला."

नातवानं स्वतःच गाठ सोडली. होडीवाला जाकीट काढू देईना, म्हणून जाकिटावरून डबा. नात म्हणाली, "आजी, तू कासव दिसून राह्यली." मी उतरले. दादा होडीत दोर धरून. "ढिला सोड," म्हटलं. "न्हाई सोडत, बुडशील," तो म्हणाला. "सोड म्हणते ना!" त्यानं वीतवीत सोडला. मग पायाखालचा चिखल सुटला आणि पाण्यानं मला उचललं. साठी उलटल्यावर, अण्णा. जे दादाला तो चड्डीत असताना तुम्ही दिलंत ते.

मग नात उतरली. पहिल्याच उडीत पाणी प्यायली, खोकली, डोळे लाल झाले, वर परत हसतेय. दादा दोर धरून वाकला होता. "नाकात पाणी गेलं का गं?" त्यानं विचारलं.

ते ऐकून मी तोंड फिरवलं. एवढा साधा प्रश्न, आणि मला तो कुणी कधी विचारला नाही.

तुम्ही भीतीपोटी केलं असेल, मायेपोटी केलं असेल. तशी समजूत मी करून घेणार नाही. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून मात्र एक गोष्ट लिहून टाकते. पाखरं बघणार नाही असं मी सगळ्यांसमोर ओरडून सांगितलं होतं. पण त्या पाण्यात असताना, डोक्यावरून पांढऱ्या डोक्याची, तांबूस पंखांची घार गेली, पायात मासा घेऊन, आणि मी मान वर करून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. दादाला दाखवली नाही. नातीलाही नाही. तुम्हाला सांगायची म्हणून ठेवली.

एकच होती, अण्णा.