विषम नंबरची रिळं

४ जानेवारी
आजपासून राग बंद. डॉक्टर म्हणाले म्हणून नव्हे, व्यवहाराला थंड डोकं लागतं म्हणून. बाबांच्या जुन्या सिनेमांची रिळं विकायला काढली आहेत. जाहिरात टाकली: दुर्मिळ खासगी संग्रह, मूळ प्रिंट, फालतू चौकशा नकोत. बायकोने वाचून विचारलं, रिळं अर्धीच आहेत हे का नाही लिहिलं? मी अत्यंत शांतपणे टेबलावर मूठ आपटली. टेबलाची काच तशीही बदलायचीच होती.

५ जानेवारी
डाव्या हाताने लिहितोय. उजव्याला टाके आहेत.
अर्ध्या रिळांबद्दल खुलासा. बाबा थिएटरात ऑपरेटर होते, जन्मभर प्रिंटा जमवल्या. ते गेल्यावर वाटणीत त्या प्रिंटांवरून दादाची आणि माझी जुंपली. त्याने माझं मनगट पिरगाळलं, मी त्याचा कान चावला. (कान आधी नव्हे. मनगट आधी.) काकांनी वैतागून निकाल दिला: प्रत्येक सिनेमाची विषम नंबरची रिळं धाकट्याला, सम नंबरची थोरल्याला. त्यांना वाटलं, निदान त्या निमित्ताने तरी एकमेकांशी बोलतील. तेव्हापासून आम्ही बोललेलो नाही.
विषम रिळंच सरस. मारधाडीच्या एका बारा रिळांच्या सिनेमात पहिल्या रिळात हिरोच्या बापाचा खून होतो. तिसऱ्यात हिरो तुरुंगात मार खात असतो. मधे त्याने काय केलं ते दादाकडे आहे. मार महत्त्वाचा. कारण काय, कुणी विचारत नाही.

९ जानेवारी
गिऱ्हाईक आलं! किडकिडीत, जाड चष्मा, संग्राहक. डबे बघताच त्याने एकेकावरचं लेबल वाचायला घेतलं. तोच मारधाडीचा सिनेमा हवाय. दुसरी प्रिंट त्याला कुठेच मिळालेली नाही. पण अख्खा हवा. मी म्हटलं, उरलेली रिळं थोरल्या भावाकडे ठेवायला दिली आहेत, पुढच्या रविवारी मिळतील. दादा माझा शब्द मोडत नाही.
त्याला डबा उघडून बघायचा होता. मी त्याच्या हातावर चापट मारली. हवा लागली की प्रिंट बिघडते, एवढं संग्राहकाला कळू नये? शिवाय विचारतो, खोलीत आंबूस वास कसला. जुन्या वस्तूंना वास असतोच. बायको त्या खोलीत नाकाला रुमाल लावूनच जाते, पण तिला कलेतलं काय कळतं.

११ जानेवारी, सकाळ
दादाकडे निघालो. बेत: घुसायचं, डबे उचलायचे, निघायचं. त्याचे गुडघे गेलेत. माझी छाती अजून शाबूत आहे.

११ जानेवारी, दुपार
टेहळणी यशस्वी. डबे पलंगाखाली आहेत, ओळीने मांडलेले, पुसलेले. एवढं दिसेपर्यंत वहिनींनी झाडूच्या दांड्याने माझा खांदा फोडला. वहिनी आईसारखी, म्हणून मी हात उगारला नाही. उगारायला तो वर जातही नव्हता. मग दादा उठला. जिना मी माझ्या मर्जीने उतरलो. फक्त पायऱ्या वापरल्या नाहीत.

१३ जानेवारी
बॉक्सिंगचा क्लास लावला. मास्तर म्हणाले, या वयात हिंमत आहे. नंतर त्यांनीच मला गाडीत घालून घरी सोडलं. उद्यापासून नियमित जाणार.

१४ जानेवारी
आज नाही. जबडा.

१५ जानेवारी
बँकेत दादा रांगेत दिसला. मी सभ्यपणे म्हणालो, तुझी रिळं दे. तो म्हणाला, तुझी तू दे. बोलणी फिसकटली. मी ठोसा हाणला. मास्तरांनी शिकवल्याप्रमाणे कमरेतून. दादा वाकला आणि ठोसा वॉचमनला बसला. वॉचमन तरुण आणि अजिबात समजूतदार नव्हता. त्याने मला फॉर्म भरायच्या टेबलावर आडवं करून तुडवायला सुरुवात केली.
इथे दादाने विनाकारण नाक खुपसलं. वॉचमनची कॉलर धरून ओरडला, "माझ्या भावाला हात लावतोस?" आणि त्याच्या कानाखाली असा काही आवाज काढला की रांग मोडली. मी जिंकतच आलो होतो. मग हिशेब बरोबर ठेवायला त्याने मलाही एक दिली.
दोघांना पोलिसांनी एकाच बाकड्यावर बसवलं. दादा गुडघा चोळत होता. मग म्हणाला, रविवारी रिळं घेऊन येतो, पण विकायच्या आधी एकदा अख्खा सिनेमा लावायचा. बाबा गेल्यापासून कुणी सलग बघितलेला नाही.
अखेर घाबरला. माझ्या ठोशाची हवाच तशी आहे.

१८ जानेवारी, दुपार
दादाने बाबांचा प्रोजेक्टर पुसून मांडला. चष्मेवाला वेळेआधीच हजर. पडदा म्हणून चादर. मी छोटंसं भाषण केलं.
पहिल्या रिळाचा डबा उघडेना. मी हातोडी आणली. चष्मेवाला नको नको म्हणत होता, म्हणून जरा जोरात हाणली. झाकण उडून त्याच्या चष्म्यावर बसलं. एक काच फुटली, भुवईतून रक्त आलं. शाबूत काचेतून तो डब्यात बघत राहिला.
आत फिल्म नव्हती. तपकिरी, चिकट लगदा. वासाने बायको बाहेर पळाली. मी तिसरा डबा फोडला. पाचवा फोडला. सातव्याला लाथ घातली. अंगठा गेला. सगळीकडे तेच. बंद डब्यात आंबून सडली, अधूनमधून उघडून हवा द्यायला हवी होती, चष्मेवाला म्हणाला.
मग भुवई दाबून त्याने दादाचे डबे उघडून बघितले. सम रिळं चांगली आहेत, तेवढी घेतो, म्हणाला. दादाने त्याला दार दाखवलं.

१८ जानेवारी, संध्याकाळ
चष्मेवाला गेल्यावर दादा माझ्याकडे वळला. मी मुठी वर घेतल्या. त्याने हात उचलला. मी डोळे मिटले.
काहीच बसेना, म्हणून उघडले. दादा जमिनीवर बसला होता. तो लगदा मांडीवर घेऊन नखाने पदर सोडवत होता. हातात तुकडे येत होते, ते शर्टाच्या खिशात ठेवत होता.
"बारक्या," म्हणाला, "एकदाही उघडला नव्हतास?"
डबे वरच्या फळीवर होते. पाठ दुखते. हवा लागते. सगळी उत्तरं तयार होती.
"नाही," म्हणालो.
मला वाटलं, आता तरी मारेल. मी मुठीही खाली घेतल्या. तो कसाबसा उठला, आपली रिळं इथेच ठेवून निघाला. मी म्हटलं, अरे, तुझी ने ना. तो म्हणाला, आता माझ्या तरी काय कामाची. गुडघा धरून, एकेक पायरी करत खाली गेला.
बायको मलम घेऊन आली. विचारते, कुठे मारलं भावजींनी? मी अंगठा पुढे केला. ती म्हणाली, हा तुमचा तुम्ही फोडलात, त्यांनी कुठे मारलं ते सांगा.
काय दाखवू हिला.