राखणदाराचा कोंबडा आणि आमची पांढरी

माझगाव, रविवार

ती. मालूआत्यास,

रघुवीरचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? (फोनवर तू दुखणं सांगत नाहीस, म्हणून हे पत्र.) इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं.

गणपतीत तू टोपलीत घालून दिलेल्या तीन कोंबड्या आणि एक कोंबडा आमच्या चाळीमागच्या अंगणात उतरले आणि माझं सुख संपलं. कोंबडा त्यातल्या पांढऱ्या कोंबडीच्या, आमच्या पांढरीच्या, हात धुऊन मागे लागलाय. त्याचं बघून उरलेल्या दोघीही तिला टोचायला लागल्या (पडत्याला लाथ मारणारे फक्त आमच्या ऑफिसात असतात असं मला वाटायचं). तिची पाठ पार उघडी पडली. मी प्रेमाने जखमेवर लाल औषध लावलं. कोंबड्या लाल दिसेल तिथेच चोच मारतात हे मला मागाहून कळलं. तोवर तिघांनी तिला कोपऱ्यात गाठलं होतं. मग त्यांचं मन रमावं म्हणून कोबीचा गड्डा टांगला. तो फस्त करून ते ताज्या दमाने परत तिच्याकडे वळले. दाणे दोन ठिकाणी ठेवले, तर कोंबडा दोन्हीकडे पहारा देतो. आता ती दिवसभर पाण्याच्या पिंपामागे उभी असते. आत्या, अशाने ती मरेल गं. मला बघवत नाही.

कोणीही म्हणेल, कोंबडा कापा आणि वडे तळा. तेच तर करता येत नाही! गावाहून निघताना आईने तो गावच्या राखणदार देवाला नवसात बोललाय. घरात शांतता नांदू दे, वार्षिकाला हाच कोंबडा देईन, असं गाऱ्हाणं घातलंय. वार्षिकाच्या पूजेला अजून दोन महिने आहेत. काल मी त्याला टोपलीखाली कोंडला, तर आई कडाडली, "द्येवाचो तो! काढ भायर!" नूपुर तरी माझी बाजू घेईल असं वाटलं. (बायको ना ती माझी!) ती म्हणाली, "आई बरोबर बोलतायत. तुमची पांढरीच आगाऊ असेल." मी मुकाट्याने टोपली उचलली.

सर्वांना यथायोग्य सांग. गुडघ्याला तेल लाव.

तुझा भाचा,
रघुवीर

ता. क. राखणदाराला जरा विचारून घे ना, कोंबडा आत्ताच आणून दिला तर चालेल का? वार्षिकाला मी दुसरा देईन, याच्याहून मोठा.

ता. क. पुन्हा. विचारू नकोस. नवस सासूसुनेचं पटावं म्हणून होता, आणि तो पावलाय. सहा वर्षांत पहिल्यांदाच दोघींचं एकमत झालंय, आणि दोघी मिळून सकाळपासून मलाच धारेवर धरतायत. तेव्हा कोंबडा राहू दे इथेच. वार्षिकापर्यंत पांढरीला आणि मला तुझ्याकडे ठेवून घेशील का? आम्ही दोघं फार खात नाही.